विहिरीच्या सिनेमाचा शेवट

रविवार, ४ मे

प्राध्यापक महाशयांस,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र निदान फाडायला तरी हातात घ्यावं लागतं.

आज पुरवणीत तुझी यादी वाचली. ‘आजवरचे दहा सर्वश्रेष्ठ वेस्टर्न’. वर तुझा फोटो, हनुवटीखाली मूठ. एवढ्याशा डोक्याला टेकू लागतो हे मला नवीन आहे. माझा नवरा म्हणाला, “विभागप्रमुखाच्या खुर्चीसाठी काढलेला फोटो दिसतोय.” तो औषधं विकतो, त्यामुळे कुणाला काय दुखतंय ते त्याला लगेच कळतं.

आता यादी. दुसऱ्या क्रमांकावर तू धुळीचा सिनेमा बसवलास. तीन तास एक माणूस क्षितिजाकडे बघतो आणि मधूनमधून थुंकतो. तू त्याला ‘मौनाचं महाकाव्य’ म्हटलंयस. कसलं मौन! लेखकाला काही सुचलं नाही, एवढंच. आणि त्यातला तो घोडा? नायक तीन दिवस वाळवंट तुडवतो, घोडा एकदाही पाण्यासाठी थांबत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मागचा डावा पाय अचानक पांढरा होतो. दोन घोडे वापरलेत, शहाण्या. तुझ्या पदव्यांना ते दिसलं नाही. मी जन्मभर घोड्यांचे खूर उचलून बघत आले, मला पायच आधी दिसतात.

चौथा म्हणे पत्त्यांच्या डावाचा. त्यात सगळे खोलीत बसून एकमेकांकडे डोळे बारीक करून बघतात. घोडा नसलेला वेस्टर्न म्हणजे पाण्याविना पोहण्याचा क्लास. आणि लंगड्या शेरीफचा नववा? नववा! तो शेरीफ पाय अधू म्हणून घोड्यावर उलट्या बाजूने चढतो, आणि त्याचा घोडा ती सवय ओळखून आपणहून वळून उभा राहतो. असला सिनेमा तू नवव्या क्रमांकावर ढकलतोस आणि वर स्वतःला जाणकार म्हणवतोस. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

पण पहिला क्रमांक बरोबर आहे. विहिरीचा सिनेमा. ते तू लिहिलंयस ते मी दोनदा वाचलं: “बंदूकवाला आपल्या भावाच्या म्हाताऱ्या मारेकऱ्यासमोर उभा राहतो. पिस्तूल कमरेलाच राहतं. तो घोड्याच्या पोटाखालचा तंग सैल करतो, विहिरीतून पाणी शेंदतो, आधी घोड्याला पाजतो, मग त्या म्हाताऱ्याला, आणि शेवटी स्वतः पितो. या एका प्रसंगाने वेस्टर्न नावाचा सगळा प्रकार वयात आला.” हे वाचून मी तुझं चक्क कौतुक केलं. नवऱ्याने मला ताप आहे का ते बघितलं.

तंग सैल करतो हे तू विसरला नाहीस, याचं मला बरं वाटलं. मला घोड्यांचं वेड लागलं ते त्याच वाक्याने. रविवारचा सकाळचा खेळ, मग बाबांची सायकल, तू पुढे दांडीवर, मी मागे कॅरियरवर. बाबांना दुपारच्या पाळीला बॉयलरवर हजर व्हायचं असे, म्हणून सिनेमा संपायच्या आधीच आपण उठायचो, आणि उरलेला शेवट बाबा चढावर धापा टाकत सांगायचे. आई शिवणाच्या मशीनवरून ओरडायची, “आले का तुमचे घोडे?”

मी बाबांना तुझा लेख वाचून दाखवला. पहिल्या क्रमांकाचा परिच्छेद त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाले, “असं छापलंय त्याने?” आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. अभिमान वाटला असेल. त्र्याऐंशीव्या वर्षी माणसाला अभिमान लपवायला बाल्कनी लागते.

तुझी,
ताई

गुरुवार, १५ मे

धाकट्या,

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या दाढीवाल्या समीक्षकाचा लेख इथेही पोहोचला. “विहिरीच्या सिनेमाची जी प्रत प्राध्यापकांनी पाहिली, ती त्यांनी आम्हालाही दाखवावी. आमच्या प्रतीत बंदूकवाला म्हाताऱ्याला गोळी घालतो, म्हातारा विहिरीत पडतो आणि बंदूकवाला संगीताच्या तालावर निघून जातो. पाणी कोणीही पीत नाही.” माणूस हलकट आहे, पण खोटं बोलत नाही. मी लगेच तो सिनेमा मिळवून बघितला. म्हातारा पडतो, धप्प असा आवाज होतो, संगीत वाजतं, संपलं.

म्हणजे बाबांनी शेवट मनाने रचला होता. हाच नाही, सगळेच. ज्या सिनेमातून आपण अर्ध्यातून उठत होतो, त्यातून तेही उठत होते, एवढी साधी गोष्ट आपल्या दोघांच्या टाळक्यात जन्मभर शिरली नाही. मला वाटायचं ते आदल्या दिवशी एकटे जाऊन बघून येत असतील. तुला काय वाटायचं? तू तर सिनेमा शिकवतोस. पगार घेतोस त्याचा.

पण तू ते तपासलं का नाहीस, हे मला ठाऊक आहे. तुझ्या सिनेमा महोत्सवाला मी आले होते, आठवतं? शेवट जवळ आला तशी मी सवयीने उठले आणि बाहेर आले, तर व्हरांड्यात तू आधीच सिगारेट पेटवून उभा. आपण एकमेकांकडे बघितलं आणि हवापाण्यावर बोललो. नवरा अजून मला टोचतो की, तुझ्याबरोबर सिनेमा बघणं म्हणजे पाव तिकीट वाया. पण मी घोड्यांची डॉक्टर आहे. मी मध्येच उठले तर कुणाचं बिघडत नाही. तू दाराजवळची खुर्ची धरून महाकाव्यांना गुण देतोस. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण परवा तू जो फोन केलास, तो मी सोडणार नाही. मी तिथेच होते, बाबांची नखं कापत होते. मला फक्त बाबांची बाजू ऐकू आली. “हो, बोल.” मग, “हो रे, तो मीच सांगितला होता.” मग बराच वेळ तुझंच चाललं असणार. मग, “खोटं असं नव्हे. मला वाटलं, मोठा झालास की बघशील.” मग, “अरे ऐक.” मग त्यांनी रिसीव्हर थोडा वेळ तसाच धरला आणि मला विचारलं, “हे बंद पडलंय का गं?”

वर्षानुवर्षं जो फोन उचलत नाही, तो फोन करतो ते म्हाताऱ्याला खोटारडा म्हणायला. वा.

मी त्यांना विचारलं की तुम्हाला ते शेवट सुचायचे कसे. म्हणाले, “सुरुवात नीट बघितली की पुढचं दिसतंच की.” आणि तंगाचं? “कोळशाच्या गाड्या ओढणारे घोडे कारखान्याच्या फाटकापाशी उभे असायचे. गाडीवाला आधी त्यांचा पट्टा ढिला करायचा, मग स्वतःची बिडी काढायचा.” त्यांनी कधी म्हटलं होतं का आपल्याला, की मी हे पडद्यावर पाहिलंय? आठवून बघ. मी आठवून बघितलं. एकदाही नाही.

खाली बाकावर निवृत्त मंडळींचा अड्डा असतो, बाबा तिथले राजे. रोज संध्याकाळी एक सिनेमा, आणि शेवटाला सगळे पुढे वाकलेले. गेले दोन दिवस बाबा खाली उतरलेले नाहीत. आज शेजारचे गृहस्थ विचारायला आले, तर म्हणाले, “घसा धरलाय.”

घसा ठीक आहे. त्यांची माफी माग. दोन वाक्यांचं काम आहे, त्याला पदवी लागत नाही.

ताई

मंगळवार, २७ मे

धाकट्या,

तुझं पत्र आलं. संगणकावर टाइप केलेलं, खाली सही. बहिणीला पत्र लिहितोस की नोटीस बजावतोस? “प्रकरण मिटवण्यासाठी खुलासा देणं भाग आहे. निवड समितीची बैठक जवळ आली आहे. खुलाशात असं नमूद करीन, की सदर तपशील वृद्ध वडिलांच्या सांगण्यावरून घेतला होता, आणि वयोमानानुसार त्यांची स्मृती आता साथ देत नाही.”

कुणाची स्मृती? बाबांची? ज्या माणसाला बॉयलरच्या प्रत्येक व्हॉल्वला कोण फोरमन शिव्या द्यायचा ते आठवतं? परवा माझ्या एका घोडीला किती औषध द्यायचं ते मी बोलता बोलता चुकले, तर त्यांनी मला टोकलं, कारण मागच्या वर्षी मी त्यांच्यासमोर फोनवर ते कुणाला तरी सांगितलं होतं. स्मृती! तुझ्यापेक्षा त्यांच्या बॉयलरची स्मृती चांगली असेल.

आणि वर लिहितोस, “बाबा पुरवण्या वाचत नाहीत.” तू घर सोडून किती काळ झाला ते यावरून कळतं. ते वर्तमानपत्र नावापासून हरवलेल्या कुत्र्याच्या जाहिरातीपर्यंत वाचतात. ते हे वाचतील. त्र्याऐंशी वर्षांच्या, डोकं लख्ख असलेल्या माणसाला एका रविवारी चहाबरोबर छापील कळेल की आपण भ्रमिष्ट झालोय, आणि खाली सही पोटच्या पोराची. तुला खुर्ची मिळेल म्हणून. एवढं स्वस्त झालं का रे सगळं?

आता तुझ्या यादीबद्दल. मी दहाही सिनेमांचे शेवट बघून काढले. दवाखान्यात, दोन रुग्णांच्या मध्ये, एकेक. माझा निकाल ऐक. धुळीच्या सिनेमाचा खरा शेवट म्हणजे आणखी धूळ. बाबांच्या शेवटात त्या माणसाला क्षितिजावरून त्याची बायको येताना दिसते आणि तो घाबरून टोपी नीट करतो. पत्त्यांच्या डावात खरं तर सगळे मरतात, बाबांनी सगळ्यांना वाचवून फक्त पत्ते जाळले होते. दोन ठिकाणी मात्र मूळचा शेवट बाबांपेक्षा सरस आहे, हे मी कबूल करते. त्यातला एक लंगड्या शेरीफचा. खऱ्यात तो घोडा एकटाच परत येतो आणि उलट्या बाजूला वळून उभा राहतो. मी दवाखान्यात बसून रडले. बाहेर एक गृहस्थ शिंगरू घेऊन थांबले होते, त्यांना वाटलं कोणीतरी दगावलं. आता तरी तो नवव्यावरून वर आण.

आणि विहिरीचा मी बाबांनाही दाखवला. त्यांनीच मागितला. “दाखव तर खरं, त्याने काय पाहायला हवं होतं ते.” शेवटापर्यंत ताठ बसले होते. गोळी झाली, म्हातारा पडला, नावं सुरू झाली. ती नावंही त्यांनी सगळी बघितली, माणसं कशाला एवढी लागली असतील असं तोंड करून. मग म्हणाले, “घोड्याला पाणी पाजलंच नाही की गं.” बाकी काही नाही.

सिनेमा कशामुळे थोर होतो यावर तू जाडजूड पुस्तकं लिहिलीस. मी एक ओळ सांगते, फुकट. तू खुलाशात खरं लिही. लिही, की मी पहिल्या क्रमांकावर ठेवलेला शेवट माझ्या बॉयलर चालवणाऱ्या वडिलांनी सायकलवर रचला, आणि तो पडद्यावरच्या शेवटापेक्षा मोठा आहे. दाढीवाला चार दिवस हसेल. कदाचित खुर्ची जाईल. पण लोक तो लेख कापून ठेवतील, तुझ्या बाकीच्या लिखाणावर ती पाळी कधी आलेली नाही.

जमत नसेल तर निदान बाबांचं नाव घेऊ नकोस. ‘नजरचूक झाली’ लिही आणि मूग गिळून बस. ते तुला चांगलं जमतं.

ताई

सोमवार, ९ जून

धाकट्या,

छापलंस.

मी काल पहाटेच उठून पुरवणी काढून घेणार होते. स्वयंपाकघरात आले तर बाबा आधीच टेबलाशी, चष्मा नाकावर, पुरवणी समोर उघडी. चहा त्यांनीच केला होता, माझ्यासाठीही ओतून ठेवला होता. मी पाठीमागून वाचलं. “माझ्या वृद्ध वडिलांची स्मृती काही काळापासून साथ देत नाही. पुत्रप्रेमापोटी मी त्यांच्या कथनावर विसंबलो.”

पुत्रप्रेमापोटी! हा शब्द लिहिताना तुझं पेन कसं अडकलं नाही?

बाबांनी पुरवणी घडी घालून बाजूला ठेवली. मी वाट बघत होते, ते ओरडतील, रडतील, काहीतरी. म्हणाले, “मुद्देसूद लिहिलंय. त्याचं मराठी सुधारलं.” मग त्यांनी विचारलं की बिस्किटं संपली का.

मला तुझ्याशी भांडायचंही नाही आता. भांडायला समोर माणूस लागतो.

शनिवार, २८ जून

धाकट्या,

विभागप्रमुख झाल्याबद्दल अभिनंदन. बातमी मी बाबांना वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा वाचायला लावली.

आता पुढचं ऐक. मी लिहिणार नव्हते. पण हे तुला कळलंच पाहिजे, आणि माझ्याशिवाय तुला ते कळवणारं कुणी नाही.

तुझा खुलासा छापून आला त्याच संध्याकाळी बाबा बाकावर गेले. मला हायसं वाटलं, म्हटलं, चला, सावरले. थोड्या वेळाने शेजारचे गृहस्थ वर आले आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “डॉक्टरीणबाई, वडिलांना दाखवून घ्या. आज त्यांना सिनेमाच आठवेना.” मी खाली गेले. कुणीतरी म्हणत होतं, “अहो, तो शेरीफचा सांगा ना, लंगड्याचा.” बाबा कपाळावर बोट टेकवून बसले होते. म्हणाले, “कुठला शेरीफ? हल्ली काही लक्षात राहत नाही बघा.” बाकावरच्या दोघांनी सकाळीच पुरवणी वाचलेली होती. ते एकमेकांकडे बघून मान हलवत होते.

मी घाबरले, खरं सांगते. दुसऱ्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी वार विचारला. बाबांनी चुकीचा सांगितला. शंभरातून सात वजा करत जा म्हटलं, तर त्र्याण्णवला अडकले. डॉक्टर कागदावर काहीतरी खरडत होते, आणि मी मनात तुला शिव्या घालत होते की हलकटाने लिहिलं आणि खरं झालं.

बाहेर आलो. रिक्षावाल्याने भाडं सांगितलं. बाबा त्याला म्हणाले, “येताना यापेक्षा कमी झालं होतं, रस्ता तोच आहे.” आणि किती कमी ते बरोबर सांगितलं.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी रस्त्याकडे बघितलं.

तेव्हा मला कळलं. गेले तीन आठवडे हे चाललंय. घरात ते नेहमीसारखेच आहेत. गॅस बंद केला का ते मला विचारतात, माझ्या नवऱ्याला त्याच्या दुकानाचं भाडं कधी भरायचं याची आठवण करून देतात. आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की खांदे पाडतात, पायरीवर थांबतात, शेजारणीला तिसऱ्यांदा नाव विचारतात. बाकावरची मंडळी आता त्यांच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलतात, लहान मुलाशी बोलावं तसं. परवा एकाने त्यांचा हात धरून जिना चढवला. सगळा जन्म ज्यांनी त्यांच्या तोंडाकडे बघत शेवटाची वाट बघितली, त्यांनी! आता तिथे एक निवृत्त कारकून सिनेमा सांगतो. भिकार सांगतो. बाबा कोपऱ्यात बसून ऐकतात आणि कुणी विचारलं तर म्हणतात, “छान. मला माहीतच नव्हता हा.”

तू छापलंस ते खोटं ठरू नये म्हणून, गाढवा. कुणी दाढीवाला इथे येऊन चौकशी करेल, कुणी म्हणेल की म्हातारा तर ठणठणीत आहे, मग प्राध्यापकाने हेही खोटंच लिहिलं का, म्हणून. तू त्यांना खोटारडा म्हणालास ना फोनवर? आता ते तुझ्यासाठी दिवसभर खोटं बोलतात.

मला तुझा तिरस्कार वाटतो, हे मी आजवर गमतीने लिहीत आले. आज गमतीने लिहीत नाही.

काल दुपारी मी दार लावून त्यांना सरळ विचारलं. म्हटलं, “बाबा, मला सगळं कळतं. हे नाटक बंद करा. त्याला मिळायचं ते मिळालं.”

ते वाटाणे सोलत होते. मान वर न करता म्हणाले, “मिळालेलं टिकायला पाहिजे.”

“मग किती दिवस चालणार हे?”

त्यांनी थोडा विचार केला. “त्याला रिटायर व्हायला किती वर्षं आहेत गं?”

मी म्हटलं, “अकरा.”

“अकरा ना,” ते म्हणाले, “जमेल.”

ताई